धवलेच्या झाकणाचे आठ मानकरी

श्री. चुलीतला विस्तव आणि समईतले तेल जी एका नजरेत सांभाळते त्या कुलस्वामिनीस दंडवत. नातवंडांची आज्ञा जाहली की, परसात चिंचेखाली जी पांढरी गाडी चाकांवाचून उभी आहे आणि जिच्या मागच्या गादीवर कोंबडी अंडी घालते, ती तशी का उभी, तो मजकूर आदीपासून अंतापर्यंत सांगावा, कोणाची भीड धरू नये, कोणास वाचवू नये. त्यास, भीड धरणार नाही हे कबूल. वाचवायचे कोणाला ते शेवटी बघू. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीची ही हकीकत.

एक राज्य होते. नाव सांगत नाही, कारण त्यातली माणसे अजून सणावाराला जेवायला येतात. राज्य घाटाच्या अलीकडे, दौलत बेताची, पण मान उदंड. पहिला ऊस तोडायचा मान एका घराचा, होळीत पहिला नारळ टाकायचा दुसऱ्या घराचा, आणि फ्रिज आणला तेव्हा त्याचा खटका पहिल्याने कोणी दाबावा यावरून दोन चुलत घरांत सहा महिने बोलणे बंद जाहले, आणि तोवर फ्रिजात गोधड्या ठेविल्या, त्या गोधड्यांना अजून कोबीचा वास येतो, जरी कोबी त्यात कधी गेला नाही. थोरले महाराज वैकुंठवासी जाहल्यावर गादीवर त्यांच्या कुटुंब कृष्णाक्का बसल्या, त्यांस सर्व जण थोरल्या सरकार म्हणत. पोटी एक लेक आणि एक पुत्र हैबतराव, आणि मसलतीला धाकटे दीर आबासाहेब, ज्यांच्या मिशा खऱ्या आणि बाकी सगळे बोलणे.

अक्कांची पाठची बहीण बनूताई घाटापलीकडे दिलेली. दोघी एका ताटात जेवल्या आणि एका फणीने विंचरल्या. मग अकरा वर्षांमागे अक्कांच्या लेकीच्या लग्नात मावशीच्या मानाची साडी निघाली ती गडबडीत आबासाहेबांच्या मेव्हणीच्या हाती गेली, आणि सख्ख्या मावशीच्या ओटीत नुसता खण पडला. बनूताईंनी अक्षता टाकल्या आणि उपाशी पोटी मांडवातून चालत्या जाहल्या. अक्कांनी मागे धावून "बने, चुकलं गं" एवढे तीन शब्द बोलायचे, पण अक्का म्हणाल्या, "मी थोरली. आधी तिने बोलावे." पलीकडून निरोप आला, "मान माझा गेला. आधी तिने बोलावे." आणि ऐसे करता करता अकरा वर्षे गेली, दोघींचे केस पांढरे जाहले, ते एकमेकींनी पाहिले नाहीत.

सोमवारी दोन प्रहरी फोन वाजला.

"अक्का, मी बनू."

"कोण बनू?" अक्का बोलिल्या. आवाज पहिल्या अक्षराला ओळखला होता.

"जिच्या वेण्या तू इतक्या आवळून घालायचीस की डोळे तिरके व्हायचे, ती."

"बरं. बोल."

"घर विकलं गं. पोरगा नेतोय मला त्याच्याकडं, समुद्रापार. आता परत येणं काही होत नाही. गुरुवारी बाराला न्यायला गाडी येणार आहे. तोवर येतेस?"

"बघते."

"बघू नकोस. ये. चहा टाकून ठेवते, तुझा, आलं जास्त."

आणि फोन ठेवल्यावर अक्का बराच वेळ कोनाड्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आधी तिने बोलावे ही अट होती, ती तिने पुरी केली. आता उरले काय, तर घाट चढून उतरणे आणि एक कप चहा पिणे. जे पोर अजून जन्मले नाही त्यालाही जमेल इतके सोपे काम.

हैबतराव म्हणाले, "आई, गुरुवारी सातची एसटी धर. दहाला दारात उतरशील."

त्यावर आबासाहेब मिशीवर हात फिरवून बोलिले, "वा रे हैबती! अकरा वर्षांनी तुझी आई बहिणीच्या दारात जाणार, ती कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून? पलीकडच्यांनी काय म्हणायचं, हे राज्य बुडालं? वहिनीसाहेब जातील तर धवलेतून जातील."

आणि अक्कांना ते गोड लागले. येथे नमूद करणे की, आबासाहेब नुसते बोलिले, पटवून घेणाऱ्या दुसऱ्या होत्या.

धवला म्हणजे हीच गाडी. थोरल्या महाराजांनी घेतली, तेव्हा एकतीस वर्षांची. चालायला गरीब, पण गळायला लागली होती. इंजिनाच्या माथ्यावर जे झाकण असते, ज्यास मिस्त्री लोक टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या खालचे रबरी पॅकिंग वाळून पापडासारखे जाहले, आणि फटीतून तेल पाझरून खालच्या तापल्या नळीवर पडे, आणि धूर ऐसा उठे की एकदा शेजारच्या गावचे लोक इकडे लग्नाची पंगत आहे समजून आहेर घेऊन आले, आणि आले म्हणून त्यांना जेवू घालावे लागले. दारात तेलाचे तळे साचे. त्यात आबासाहेबांचे कुत्रे घसरले ते थेट वेशीपाशी थांबले आणि लाजेने चार दिवस परत आले नाही.

मग सटवाप्पा मिस्त्रीस बोलावणे गेले. सटवाप्पा लोहाराच्या घरचा, साठी उलटलेला, बोटांच्या रेघांत काळे तेल कायमचे मुरलेले आणि बोलणे थोडके. धवलेचे सगळे आजार त्याच्या हातून गेलेले. त्याने मंगळवारी बॉनेट उघडले, बोट फिरवले, वास घेतला आणि म्हणाला, "अक्का, इंजिन गुणाचं हाय. फकस्त वरचं पॅकिंग गेलंय. तालुक्यास्नं नवं आणतो. तासाभराचं काम."

"घाट चढेल का रे?"

"माहेराला निघालेल्या पोरीवानी चढंल."

आणि बुधवारी सकाळी तो नवे पॅकिंग घेऊन आला. प्लगांच्या वायरी काढल्या आणि कोणती कुठली ते कळावे म्हणून एकेकीला सुतळीच्या गाठी मारल्या, मग आठ बोल्ट सोडले, झाकणाला लाकडी हातोड्याने आईने पोराला थोपटावे तसे थोपटले आणि ते उचलले. आत कचरा पडू नये म्हणून भोकांत धुतलेली चिंधी कोंबली, जुन्या रबराचे तुकडे ब्लेडने खरवडले, पेट्रोलने कडा पुसल्या, आणि नवे पॅकिंग खाचेत बसवताना जीभ दातात धरली, ती चारी कोपरे बसेपर्यंत सोडली नाही. मग चिंधी काढून, झाकण ठेवून आठी बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवले आणि दहा नंबरचा पाना हाती घेऊन बोलिला, "आता मधल्या दोन बोल्टांपास्नं सुरवात. मग समोरासमोर, थोडं थोडं, तीन फेऱ्यांत. मनगटाचं काम हाय, खांद्याचं न्हाई. झाकण अल्युमिनचं, लई कोवळं. एक बाजू जास्त आवळली की दुसरी उचलती."

येथवर सर्व यथास्थित जाहले. येथेच पाना फिरला असता तर ही बखर लिहायला कारण नव्हते. परंतु आबासाहेब पायरीवरून उठले आणि पुसते जाहले, "सटवाप्पा, बोल्ट किती म्हणालास?"

"आठ."

"आठ!" आबासाहेबांनी सभोवार पाहिले. "आणि ते तू एकटा आवळणार? थोरल्या सरकार अकरा वर्षांनी स्वारीवर निघणार, त्या वाहनाचे आठ मान, आणि आठी एकट्या मिस्त्रीच्या घरात?"

"आबा, ह्यो मान न्हाई. बोल्ट हाय."

"तुझ्या दुकानात बोल्ट असेल. आमच्या दारात मान असतो."

मग सभा बसली. आठ बोल्टांची वाटणी ऐसी जाहली की, पहिला थोरल्या सरकारांचा, दुसरा आबासाहेबांचा, तिसरा हैबतरावांचा, चौथा जावई धैर्यशीलरावांचा, पाचवा आणि सहावा चुलत घरांचा, सातवा भटजींचा, आणि आठवा देवाचा, त्याला माणसाने पाना लावू नये, हळदकुंकू वाहून जसा आहे तसा सोडावा. सटवाप्पा म्हणाला, "देवाच्या हातात पाना कोण देणार?" त्यावर भटजींनी कान झाकून घेतले. जावई परगावी, त्यांस आणायला माणूस गेला, कारण बोल्टावाचून जावई रुसले तर संक्रांतीपर्यंत रुसतात ऐसा अनुभव होता. जावई तिसरे प्रहरी आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "माझा बोल्ट मागच्या अंगाला? भिंतीकडं? तिथं कोण बघणार?" मग त्यांना पुढचा दिला, त्यामुळे चुलत घर रुसले, मग चुलत घराला चहासोबत भजी केली. सकाळी तासाभराचे काम होते, ते पाच वाजले.

आणि बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर नव्हे, समोरासमोर नव्हे, मानाच्या क्रमाने, आणि ज्याने त्याने आपापल्या इभ्रतीइतके.

सटवाप्पा अक्कांजवळ आला आणि हळू आवाजात बोलिला, "अक्का, तुमी म्हणा. तुमच्या शब्दाम्होरं कोण बोलंल? एका हाताचं काम हाय ह्ये. उद्या तुमाला जायाचंय, ह्यास्नी न्हाई."

आणि अक्कांनी तोंड उघडले होते, हे खरे आहे. तितक्यात आबासाहेब बोलिले, "पहिला मान वहिनीसाहेबांचा. आता वयोमानाने हाताला जोर नसला तर तसं सांगा, लाजायचं काय त्यात, तुमचाही मीच आवळतो."

मग अक्कांनी पदर खोचला. पाना दोन्ही हातांनी धरला आणि अकरा वर्षांचा, आणि त्याआधीचाही, सगळा जोर त्या एका बोल्टावर घातला. सभेने वाहवा केली. आणि त्या वाहवेखाली, सुपारी फुटावी इतका बारीक, कट् ऐसा आवाज आला. तो दोघांनीच ऐकला. सटवाप्पाने अक्कांकडे पाहिले.

"अक्का, झाकणाला..."

"सटवाप्पा, चहा घे," अक्का बोलिल्या.

"मला नगं चहा."

आणि त्याने चिंधीने पाना पुसला आणि पुढच्या मानकऱ्याच्या हाती दिला. आबासाहेबांनी आवळला तो दात खाऊन, हैबतरावांनी आबासाहेबांहून अर्धा आटा जास्त, जावयांनी सासरच्यांना दिसावे म्हणून बाही वर करून, आणि चुलत घरांनी एकमेकांवरचा राग काढून. भटजींनी मंत्र म्हणून नुसता स्पर्श केला, म्हणजे तो ढिला. देवाचा मोकळा. ऐसे झाकण एका अंगाला दबले आणि दुसऱ्या अंगाला जिभेइतके वर राहिले, आणि आतले पॅकिंग बिचारे नवे होते, ते इतक्या मानाखाली चिरडून बाहेर आले. सटवाप्पा म्हणाला, "उद्या मी संगं येतो, तेलाचा डबा घेऊन. वाटंत बघत जाऊ." परंतु गाडीत जागा नव्हती. चौथी जागा जावयांची ठरली होती.

गुरुवारी आठ वाजता नारळ फोडून स्वारी निघाली. हैबतराव हाकायला, शेजारी आबासाहेब, मागे अक्का आणि खिडकीशी जावई. अक्कांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत साडी. अकरा वर्षांमागे जी द्यायची राहिली तिच्याच रंगाची, काठ तोच, शोधून आणलेली. घाटाच्या तिसऱ्या वळणाला वास आला. पाचव्याला धूर आला. सातव्या वळणाला समोर काचेखाली लाल दिवा लागला, तो पाहून आबासाहेब खूश जाहले. "बघा! मंत्र्याच्या गाडीला असतो तसा."

"आबा, हा तेलाचा दिवा आहे. तेल संपलं म्हणून लागतो. थांबायला पाहिजे."

"तेलाचा असो का तुपाचा. घाटात मधेच उभं राहायचं, खालून येणारे हसतील. हाक तू."

आणि हैबतरावांनी आरशात आईकडे पाहिले. कट् आवाज जिने ऐकला होता तिला तेल कुठून जाते हे पक्के ठाऊक होते. तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि बाहेरच्या करवंदीच्या जाळ्या पाहत बसली. मग दोन वळणे गेली आणि इंजिनाने कण्हून एक हिसका दिला आणि आतल्या आत जे घट्ट धरले ते आजपर्यंत सोडले नाही. सूर्य दहाच्या सुमाराला असतो तितका चढला होता, धूर थेट त्याच्यापर्यंत गेला आणि सूर्याला ठसका लागला, हे त्या घाटात कोणालाही विचारा.

मग मागून एसटी आली. सातची होती, उशिराने धावत होती, अक्कांसाठीच जणू. कंडक्टरने दारातून डोके काढले. "काय ओ आजी, कुठं? पलीकडं? या, एक जागा हाय शेवटाला. टायरावर. आपटंल जरा, पर बाराच्या आत पोचाल."

अक्कांचा एक पाय रस्त्यावर आला होता. आबासाहेब काही बोलले नाहीत, हे लिहून ठेवावे. ते नुसते मिशीवर हात फिरवत बघत होते. जावई बघत होते. एसटीच्या खिडक्यांतून पन्नास डोकी बघत होती, त्यांत राज्यातली दोन होती. आणि थोरल्या सरकार बोलिल्या, "आमची गाडी आहे."

"तुमची मर्जी," कंडक्टर म्हणाला आणि त्याने दोरी ओढली.

मग घाटात फोन लागेना. दोन तास गेले. शेवटी शेणखताची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला, त्याने दोर टाकला, आणि धवला खताच्या मागे बांधून सरकारांची स्वारी पलीकडच्या राज्यात उतरली. मान ऐसा जाहला की गावची सगळी कुत्री सामोरी आली आणि माश्या पालखीसारख्या वर चालल्या.

बनूताईंच्या दारात पोचायला चार वाजले. दाराला कुलूप होते, नवे, विकत घेणाऱ्याचे. ओट्यावर दोन कप मांडलेले. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर जाड साय धरलेली, सायीवर एक मुंगी, आणि बशीत आल्याचा तुकडा.

शेजारची बाई कप न्यायला आली, कप तिचेच होते. तिने अक्कांना वर-खाली पाहिले. "तुम्हीच का अक्का? बाराला गाडी आली तर ताईंनी गाडीवाल्याला जेवायला बसवलं. मग औषध सापडत नाही म्हणाल्या. मग देवाचा टाक राहिला म्हणाल्या, तो त्यांच्या पिशवीतच होता, मी बघितलेला. तीनदा चहा गरम केला हो. पोरगा ओरडायला लागला, विमान चुकेल म्हणून. साडेतीनला गेल्या."

"काही म्हणाली?"

"म्हणाल्या, येणार नाही ती. मान आडवा आला असेल."

अक्कांनी तो चहा उचलला आणि मुंगीसकट प्यायला. थंडगार होता. आलं जास्त.

परतल्यावर सभा बसली आणि निवाडा जाहला की पॅकिंग खोटे निघाले आणि दोष मिस्त्रीचा. सटवाप्पा उभा होता. त्याने झाकण उघडून पहिल्या बोल्टापासची चीर कोणासही दाखवली नाही. एकदा अक्कांकडे पाहिले, आणि थोडा वेळ वाट पाहिली. अक्का सुपारी कातरत होत्या. मग त्याने तो दहा नंबरचा पाना उंबऱ्यावर ठेवला, "ह्यो तुमच्यापाशीच असू द्या. मानाचा हाय," म्हणाला, आणि त्या दिवसापासून या दारात आला नाही. राज्यातल्या इतर घरांनीही त्याचे काम बंद केले. तो दुसऱ्याच्या गॅरेजात चाके धूत राहिला, तिथेच गेला.

सारांश. झाकण एक, मानकरी आठ, आणि काम एका हाताचे होते. कट् आवाज दोघांनीच ऐकला. त्यांतल्या सटवाप्पाने मरेपर्यंत कोणास सांगितला नाही. मग बखरकारास तो कसा ठाऊक, हे नातवंडांनी पुसू नये. वाचवायचे कोणाला ते शेवटी बघू म्हटले होते, ते पाहिले, जमले नाही. साडी त्याच पिशवीत आहे. बनूताईंचा समुद्रापारचा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिला आहे, दर साली नव्या कॅलेंडरवर उतरवला जातो. मागल्या खेपेस फोन तिने केला होता, तेव्हा आता पाळी कोणाची, ते त्या कोंबडीलाही कळते. परंतु अक्का थोरल्या आहेत.